विद्यापीठाचा तंत्रज्ञान-करार आणि विद्यापीठाचं अधिकृत नाव : कुठे, कोणतं, कसं लिहायचं?

गॅझेटवाचक (धागालेखक)

राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांचे कंपन्यांशी आणि सरकारी संस्थांशी होणारे तंत्रज्ञान-करार हा या धाग्याचा विषय. ईमेल आणि क्लाउड, परीक्षा-निकालाची प्रणाली, डिजिटल पदवीपत्र, कंपनीच्या सहभागातून उभी राहणारी प्रयोगशाळा, सगळं यात आलं. या करारांत एक मुद्दा हमखास सहीच्या आदल्या दिवशी आठवतो : विद्यापीठाचं नाव काय लिहायचं? मसुदा बहुधा समोरच्या पक्षाकडून येतो आणि त्यात नाव संकेतस्थळावरून नाहीतर लोगोवरून उचललेलं असतं. मग मराठी प्रतीत एक नाव, इंग्रजी प्रतीत दुसरं आणि शिक्क्यावर तिसरं.

नाव येतं कायद्यातून. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत विद्यापीठांची नावं आणि कार्यक्षेत्रं दिलेली आहेत. मालमत्ता त्याच नावावर, दावा लावायचा तो त्याच नावाने, आणि विद्यापीठावर दावा लागतो तोही त्याच नावावर. अधिसभेने (सिनेटने) ठराव केला म्हणजे नाव बदललं असं होत नाही, ती शिफारस झाली. कायद्यात दुरुस्ती होऊन राजपत्रात आलं की नाव बदललं.

आणि नावं बदलतात. मुंबईचं इंग्रजी नाव १९९६ मध्ये 'युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे'चं 'युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई' झालं. नागपूर विद्यापीठ २००५ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ झालं, पुणे विद्यापीठ २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, सोलापूर विद्यापीठ २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. पाच-दहा वर्षांचा करार करताना मध्येच नाव बदलू शकतं हे धरूनच चालायला हवं. करारात, संगणकप्रणालीत आणि पदवीवर नाव कसं ठेवावं याबद्दल जाणकारांनी तपशिलात लिहावं.

करारनामा

पहिली गोष्ट, 'सामंजस्य करार' आणि 'करार' यांत गल्लत नको. सामंजस्य करारात बहुधा दोघांचे इरादे असतात. पैसे, डेटा किंवा सेवेची पातळी आली की तो बांधील करार हवा, आणि त्यात पक्षकाराचं नाव अनुसूचीतल्याशी अक्षर न् अक्षर जुळायला हवं. विद्यापीठातर्फे सही कुलसचिवांची. विभागप्रमुखाने किंवा संगणक केंद्राच्या संचालकाने सही केलेला कागद पुढे वादात सापडला की पहिला आक्षेप 'सही करायचा अधिकार होता का' हाच येतो. व्यवस्थापन परिषदेच्या ठरावाचा क्रमांक आणि तारीख करारातच नमूद करा. मुद्रांक पाहून घ्या : महाराष्ट्रात जिथे पूर्वी १००-२०० रुपयांचा चालायचा तिथे ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपयांचा लागतो. जुन्या करारांचे नमुने समोर ठेवून नवा टाइप करणाऱ्यांकडून ही चूक अजून होते.

दुसरी गोष्ट नाव बदलण्याची. नाव बदललं म्हणून विद्यापीठ बदलत नाही. हक्क आणि दायित्वं तीच राहतात. तरी करारात एक ओळ हवीच, नाहीतर नाव बदलल्यावर देयकं अडवून ठेवायला किंवा 'नव्याने करार करा, नवे दर लावा' म्हणायला निमित्त मिळतं. ओळ साधारण अशी :

"(अनुसूचीतील पूर्ण नाव), यापुढे 'विद्यापीठ' असा उल्लेख, या संज्ञेत कायद्यान्वये विद्यापीठाचे नाव, मुख्यालयाच्या शहराचे नाव अथवा कार्यक्षेत्र बदलल्यास बदललेल्या स्वरूपातील विद्यापीठ व त्याचे विधिवत उत्तराधिकारी यांचा समावेश राहील. अशा बदलामुळे या करारातील दर, मुदत अथवा दायित्वांत फरक पडणार नाही. नामबदलाची अंमलबजावणी सर्व प्रणालींत ९० दिवसांच्या आत, अतिरिक्त शुल्काविना करणे दुसऱ्या पक्षकारावर बंधनकारक राहील."

शेवटचं वाक्य घालायचं राहिलं तर नाव बदलल्यावर प्रत्येक अहवाल, प्रत्येक गुणपत्रिकेचा साचा आणि प्रत्येक स्क्रीन यांसाठी 'बदल विनंती' म्हणून वेगळं बिल येतं.

मुळाक्षर

शहराचं नाव वेगळं धरलंत हे फार चांगलं. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर. विद्यापीठाच्या नावाला यात कुणी हात लावला नाही, पत्ता मात्र बदलला. ज्या प्रणालीत 'विद्यापीठाचं नाव, शहर' असा एकच रकाना होता, तिथे शहर बदलताना विद्यापीठाच्या नावाचीच नवी नोंद तयार होते आणि जुने विद्यार्थी जुन्या नोंदीखाली अडकून पडतात. नाव आणि शहर दोन वेगळे रकाने. याला अपवाद नको.

सर्व्हररूम

तांत्रिक बाजू सविस्तर लिहितो, कारण गोंधळाचं मूळ तिथे आहे.

नाव ही ओळख नव्हे. प्रणालीत विद्यापीठाची ओळख म्हणून न बदलणारा संकेतांक हवा, आणि नावांचा वेगळा तक्ता हवा : संकेतांक, भाषा, पूर्ण नाव, लघुनाव, लागू झाल्याची तारीख, संपल्याची तारीख, राजपत्राचा संदर्भ. पदवी छापताना प्रणालीने पदवी बहाल झाल्याची तारीख घ्यायची आणि त्या तारखेला लागू असलेलं नाव उचलायचं. नाव साच्यात थेट टाइप केलेलं असेल तर नामबदलानंतर २००३ सालच्या पदवीची प्रतही नव्या नावाने छापली जाते, आणि मूळ पदवी व प्रत यांची नावं जुळत नाहीत म्हणून पडताळणी करणारा ती परत पाठवतो.

विमानतळाचं उदाहरण घ्या. मुंबईच्या विमानतळाचं नाव २०१८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ झालं. तीन अक्षरी संकेत 'बीओएम' तसाच राहिला, म्हणून एकही तिकीट अडलं नाही. नाव सन्मानासाठी आणि कायद्यासाठी, संकेत यंत्रासाठी. दोन्ही एकमेकांच्या कामात येऊ द्यायचे नाहीत.

आता लांबीचं. डिजिटल स्वाक्षरीच्या प्रमाणपत्रात संस्थेच्या नावाच्या रकान्याला ६४ अक्षरांची मर्यादा असते. सोलापूरचं पूर्ण इंग्रजी नाव मोकळ्या जागा धरून ४७ अक्षरं भरतं, नागपूरचं ४६, जळगावचं ५८. पण जळगावच्या नावापुढे स्वल्पविराम देऊन 'जळगाव' जोडलंत की ६७ होतात. मग अर्ज भरणारा स्वतःच्या मनाने काहीतरी गाळतो, 'नॉर्थ महाराष्ट्र'चं 'एन. एम.' करतो, आणि पुढची दोन वर्षं प्रत्येक स्वाक्षरीत ते गाळलेलं नाव दिसत राहतं. शहरासाठी प्रमाणपत्रात स्वतंत्र रकाना असतो, तो वापरा.

देवनागरीत वेगळी अडचण. 'पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ' हे डोळ्यांना २१ अक्षरं दिसतं. युनिकोडमध्ये (संगणकावर प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या मानकात) काना-मात्रा, हलन्त, मोकळ्या जागा धरून ते ४६ चिन्हांचं होतं, आणि यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेत असल्याने १३० बाइट लागतात. डेटाबेसमधला रकाना '१०० बाइट' असा आखला असेल तर नाव मधूनच तुटतं, तेही चिन्हाच्या मध्यावर, आणि शेवटी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसतं. रकाना चिन्हांत मोजा, बाइटमध्ये नको, आणि किमान २०० ठेवा.

एसएमएसचं गणित याहून घट्ट. मराठी संदेशात एका भागात ७० चिन्हं बसतात. वरच्या नावाने ४६ खाल्ली की निरोपासाठी २४ उरतात. 'आपला निकाल जाहीर झाला आहे' हे मोकळ्या जागांसकट २५ भरतं, म्हणजे त्यालाही जागा अपुरी, संदेश दोन भागांत जातो आणि खर्च दुप्पट. म्हणून पाठवणाऱ्याच्या नावाचा सहा अक्षरी शीर्षक-संकेत विचारपूर्वक घ्या आणि मजकुरात अधिकृत लघुनाव वापरा.

निळाई

तुमचं सगळं पटलं, तरी एक बाजू मांडायची आहे. 'रकान्यात बसत नाही' हे कारण काही नावांच्या बाबतीत ऐकवत नाही.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ ला केला. नाव प्रत्यक्षात यायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. मधल्या काळात मराठवाड्यात घरं जाळली गेली, माणसं मारली गेली, कितीतरी जण तुरुंगात गेले. शेवटी 'नामविस्तार' झाला : डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे नाव आलं आणि मराठवाडाही राहिला. दोन्ही शब्दांमागे माणसं उभी आहेत. कुठल्याशा कंपनीच्या मसुद्यात ते नुसतं 'मराठवाडा युनिव्हर्सिटी' म्हणून उतरलं तर ती टंकनाची चूक म्हणून सोडून देता येत नाही.

व्यवहाराच्या अंगानेही तेच. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' इथे नाव कापलं तर ते विद्यापीठ कोणतं? लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ याच नावाने सुरू होतं. अहमदाबादचं मुक्त विद्यापीठ याच नावाने सुरू होतं. तिघांच्याही इंग्रजी नावाची पहिली २२ अक्षरं तंतोतंत सारखी आहेत. शोधपट्टीत, यादीत, बँकेच्या खात्यात, जिथे जिथे नाव आखूड होतं तिथे तिथे तीन संस्था एक होऊन बसतात.

सर्व्हररूम

निळाई, पूर्ण मान्य. 'नाव आखूड करा' असा अर्थ निघत असेल तर तो माझ्या लिहिण्यातला दोष. रकाना नावाप्रमाणे वाढवायचा, नाव रकान्याप्रमाणे कापायचं नाही. जिथे मर्यादा बाहेरून येते, म्हणजे प्रमाणपत्र किंवा एसएमएस, तिथेच लघुनाव, आणि तेही विद्यापीठाने ठरवून जाहीर केलेलं. यंत्राने २२ व्या अक्षरावर कापलेलं नाही. पहिल्या २२ अक्षरांचं उदाहरण तर निविदेच्या चाचणी-यादीत घालावं असं आहे.

पाटीवरचं

लघुनावाचा विषय निघालाच आहे तर कोल्हापूरचं बोलू. शिवाजी विद्यापीठाचं नाव 'छत्रपती शिवाजी महाराज विद्यापीठ' करावं या मागणीसाठी मार्च २०२५ मध्ये कोल्हापुरात मोर्चा निघाला. मागणी करणाऱ्यांचं म्हणणं की महाराजांचा एकेरी उल्लेख होतो, तो थांबावा. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं की १९६२ मध्ये स्थापनेच्या वेळी हे नाव विचारपूर्वक ठेवलं गेलं, आणि नाव लांबलं की त्याची आद्याक्षरं होतात, मग 'शिवाजी' हा शब्दच तोंडून जातो.

दुसऱ्या मुद्द्याला आधार आहे. बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ सगळ्यांच्या तोंडी 'एमएस युनिव्हर्सिटी' आहे. एसएनडीटीचं तेच : विठ्ठलदास ठाकरसींनी आईच्या स्मृतीसाठी १५ लाख रुपये दिले आणि महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव मिळालं. आज 'नाथीबाई' हे नाव किती विद्यार्थिनींच्या बोलण्यात येतं?

पहिल्या मुद्द्यामागची भावनाही खरी आहे, ती उडवून लावू नये. मुंबईच्या स्थानकाच्या नावात २०१७ मध्ये 'महाराज' आलं तेव्हा संकेतही 'सीएसटीएम'चा 'सीएसएमटी' झाला आणि लोकांनी तो उचलला. पण उचललं ते लघुरूपच.

करारनामा

म्हणूनच लघुरूप काय असावं हे नाव ठरवतानाच ठरवायला हवं. राजपत्रात पूर्ण नाव येतं. त्याचं लघुनाव, मराठी आणि इंग्रजी, विद्यापीठाने परिपत्रक काढून जाहीर करावं आणि करारातल्या बोधचिन्ह-वापराच्या कलमात ते जोडपत्र म्हणून लावावं. नाहीतर संकेतस्थळ बनवणारा एक लघुरूप घेतो, ॲप बनवणारा दुसरं.

लघुरूपच कायदेशीर नाव झाल्याचंही उदाहरण आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचं २०२२ मध्ये विद्यापीठ झालं तेव्हा 'सीओईपी' ही चार अक्षरं थेट कायद्यातल्या नावात बसली. तिथे 'सीओईपी'चा विस्तार करून लिहिणं ही चूक ठरेल.

अभिमत विद्यापीठांचं अजून निराळं. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०१७ च्या निकालानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने १२३ अभिमत संस्थांना नावातला 'युनिव्हर्सिटी' हा शब्द वापरू नका, असं कळवलं. 'अभिमत विद्यापीठ' हा दर्जा कंसात लिहिता येतो. अशा संस्थेशी करार करताना लोगोवरचं नाव प्रमाण मानू नका, अधिसूचना मागा.

ग्रंथसूची

ग्रंथालय आणि संशोधनाच्या बाजूने थोडं.

संशोधन लेखात संलग्नता लिहिताना एकाच विद्यापीठाची पाच-सहा रूपं सापडतात. पुण्याचंच बघा : पूना युनिव्हर्सिटी, युनिव्हर्सिटी ऑफ पूना, युनिव्हर्सिटी ऑफ पुणे, पुणे युनिव्हर्सिटी, सावित्रीबाई फुले पुणे युनिव्हर्सिटी, आणि नुसतं एसपीपीयू. 'फुले'चं इंग्रजी स्पेलिंग पीएचने की एफने, हा फाटा वेगळाच. राष्ट्रीय क्रमवारीत प्रकाशनांची मोजणी स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या शोधनिबंधांच्या सूचींमधून होते. तिथे ही रूपं एका संस्थेखाली जोडलेली नसतील तर लेख मोजणीतून निसटतात. नाव बदलल्यावर तीन ठिकाणी लेखी कळवायचं : स्कोपस, वेब ऑफ सायन्स आणि 'रोर' ही संशोधन संस्थांची जागतिक नोंदवही. 'रोर'मध्ये संस्थेचा संकेतांक कायम राहतो आणि जुनी नावं पर्यायी म्हणून जोडता येतात. जुनं नाव पुसायला सांगू नका, जोडून ठेवायला सांगा.

मराठी शोधासाठी एक बारीक पण छळणारी गोष्ट. 'आंबेडकर' मधला 'आ' दोन प्रकारे टाइप होतो : एकतर स्वतंत्र 'आ' हे अक्षर, नाहीतर 'अ' टाइप करून पुढे काना. पडद्यावर बहुतेक टंकांत दोन्ही सारखेच दिसतात. युनिकोडच्या लेखी ते वेगळे आहेत आणि नेहमीच्या प्रमाणीकरणानेही एक होत नाहीत. परिणाम असा की ग्रंथालयाच्या सूचीत नाव डोळ्यांसमोर दिसतंय आणि शोधलं तर सापडत नाही. 'ॲ'चं तसंच, तो तर तीन प्रकारे येतो. डेटा आत घेतानाच 'अ + काना' जोडी पकडून 'आ' करणारा नियम लावा. श्री-लिपी किंवा इतर जुन्या टंकांतून रूपांतर केलेल्या नोंदींत हा दोष सर्वांत जास्त असतो. तिथे 'ऱ्या'चं 'र्या' होतं, रफार पुढच्या-मागच्या अक्षरावर उडी मारतो. नमुन्यादाखल २०० नोंदी डोळ्यांनी वाचल्याशिवाय रूपांतर मान्य करू नका.

सर्व्हररूम

संकेतस्थळाच्या पत्त्याबद्दल. नाव बदललं की पत्ता बदलण्याची घाई होते. पुण्याने 'युनिपुणे डॉट एसी डॉट इन' ठेवला, जळगावने 'एनएमयू डॉट एसी डॉट इन' ठेवला, आणि हे शहाणपणाचं आहे. 'एसी डॉट इन' पत्ते अर्नेट इंडिया देते. नवा पत्ता घ्यायचाच असेल तर जुना सोडू नका. हजारो शोधनिबंधांत छापलेले ईमेल, इतर संकेतस्थळांवरचे दुवे आणि पदवीवरचे क्यूआर संकेत जुन्या पत्त्यालाच धरून असतात. पदवीवर छापलेला क्यूआर बदलता येत नाही. तो जुना पत्ता पदवीधारकाच्या हयातीएवढा जिवंत ठेवावा लागतो.

क्रम असा : आधी दोन दिवस डीएनएसच्या (पत्ता कोणत्या यंत्राकडे जातो हे सांगणाऱ्या) नोंदींची मुदत ३०० सेकंदांवर आणा. नवा पत्ता ईमेल सेवेत दुय्यम म्हणून जोडा, पत्र खरंच आपल्याकडूनच आलंय हे दाखवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी लावा, चार-पाच बाहेरच्या सेवांवर पत्र पाठवून ते स्पॅममध्ये जात नाही ना ते पहा. मग प्रत्येक वापरकर्त्याला नवा पत्ता द्या आणि जुना टोपणपत्ता म्हणून राहू द्या. सुरक्षा प्रमाणपत्रात दोन्ही पत्ते हवेत. जुन्या पानांवरून नव्या पानांवर कायमस्वरूपी पुनर्निर्देशन, तेही पानागणिक. सगळं मुखपृष्ठावर नेऊन सोडलं तर क्यूआर निरुपयोगी होतो.

इनफ्लिबनेटच्या (विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राच्या) एकत्रित प्रवेश-व्यवस्थेत किंवा एज्युरोम या शिक्षणसंस्थांच्या सामाईक वायफाय-व्यवस्थेत असाल तर ओळखकर्त्याच्या पत्त्याला हात लावू नका. दिसणारं नाव बदला, ओळख तीच ठेवा. ती बदलली की नियतकालिकांचे सगळे प्रवेश एका रात्रीत बंद पडतात.

गुणपत्रक

डिजिलॉकर आणि राष्ट्रीय शैक्षणिक भांडार (पदव्या-गुणपत्रिका डिजिटल रूपात ठेवायची जागा) यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. डिजिलॉकरमध्ये प्रत्येक दस्तऐवजाचा पत्ता तीन भागांचा : देणाऱ्या संस्थेचा संकेत, दस्तऐवजाचा प्रकार, दस्तऐवजाचा क्रमांक. नामबदलानंतर संस्थेचा संकेतच नवा घेतला तर आधी दिलेल्या सगळ्या पदव्यांचे पत्ते मोडतात. म्हणून फक्त दाखवायचं नाव बदलून घ्यायचं.

जुन्या पदव्यांवर नव्याने डिजिटल सही करू नका. ज्या दिवशी सही केली त्या दिवशीचं प्रमाणपत्र आणि त्या दिवशीचं नाव, हेच खरं. फक्त सही करताना कालमुद्रा (सहीची वेळ सिद्ध करणारी नोंद) लावलेली असली पाहिजे आणि दीर्घकालीन पडताळणीची माहिती फाइलमध्येच असली पाहिजे. ते नसेल तर प्रमाणपत्राची मुदत संपल्यावर वाचकाच्या संगणकावर सहीवर प्रश्नचिन्ह येतं आणि लोक त्याचं खापर नामबदलावर फोडतात.

श्रेयांक पेढीत (विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक साठवणाऱ्या व्यवस्थेत) नोंदी करताना विद्यार्थ्याचा १२ आकडी अपार (शैक्षणिक ओळख) क्रमांक आणि नाव जुळावं लागतं. तिथे विद्यापीठाच्या नावापेक्षा विद्यार्थ्याच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगवर जास्त नोंदी अडतात. तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

वित्तलेखा

पॅन, जीएसटी, बँक. क्रम उलटा केला की महिने जातात. आधी पॅनवरचं नाव बदला. जीएसटीतलं कायदेशीर नाव पॅनवरून पडताळलं जातं, त्यामुळे पॅन आधी न बदलता केलेला अर्ज पुढे सरकत नाही. बदलानंतर १५ दिवसांत जीएसटीची दुरुस्ती मागायची असते. मग टॅन (करकपातीचा क्रमांक), मग बँक खाती, मग डिजिटल स्वाक्षऱ्या. परदेशी निधी असेल तर लक्षात ठेवा, स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेच्या जुन्या साच्यात नाव-पत्त्यासाठी ३५ अक्षरांच्या चारच ओळी असायच्या. नाव ओळींत तोडावं लागत असेल तर ते कसं तोडायचं हे आपणच बँकेला लिहून द्या, म्हणजे 'नॉर्थ' एका ओळीत आणि 'महाराष्ट्र' दुसऱ्या ओळीत असं होणार नाही.

मुळाक्षर

शिक्क्याबद्दल एक. ४० मिलिमीटर व्यासाच्या गोल शिक्क्यात अक्षरांची मधली रेघ ३४ मिलिमीटर व्यासावर धरली तर परीघ सुमारे १०७ मिलिमीटर. वरचे दोन तृतीयांश मराठी नावाला दिले तर ७१ मिलिमीटर. सोलापूरच्या नावाची २१ अक्षरं आणि ४ मोकळ्या जागा, म्हणजे प्रत्येकी २.८ मिलिमीटर. वाचता येतं. तेच नाव २५ मिलिमीटरच्या शिक्क्यात घातलं तर प्रत्येकी पावणेदोन मिलिमीटर उरतात, शाई पसरली की 'श्लो' आणि 'ल्या' काळे ठिपके होतात. लहान शिक्क्यावर लघुनाव नको, नाव दोन ओळींत मांडणारा आयताकृती शिक्का करा.

पाटीवरचं

धागा नावावर चांगला चाललाय, पण तंत्रज्ञान-कराराचं खरं दुखणं नावात नाही. मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका एकाच फटक्यात पडद्यावर तपासायला घेतल्या. निकाल महिनोन् महिने रखडले, परदेशी प्रवेश अडले, त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. नाव बरोबर लिहिलेलं असून काय उपयोग?

करारनामा

मुद्दा रास्त आहे, पण दोन्हीचं मूळ एकच आहे. नाव तपासायला ज्याला वेळ नाही तो बाहेर पडायचं कलमही तपासत नाही. त्यामुळे तेही इथेच लिहितो.

डेटा विद्यापीठाचा, कंपनी फक्त प्रक्रिया करणारी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ खाली विद्यार्थ्याला उत्तर द्यायची जबाबदारी विद्यापीठावरच येते, त्यामुळे ही वाटणी शब्दांत लिहा. करार संपल्यावर 'डेटा परत देऊ' एवढं पुरत नाही. कोणत्या स्वरूपात, तक्त्यांच्या वर्णनासह की नाही, फोटो आणि सह्या मूळ आकारात की नाही, किती दिवसांत. दर सहा महिन्यांनी पूर्ण प्रत घेऊन ती विद्यापीठाच्या स्वतःच्या यंत्रावर उभी करून दाखवायची, ही अट घाला. जी प्रत कधी उघडूनच पाहिली नाही तिच्यावर विसंबता येत नाही. नव्या प्रणालीवर जाताना आधी एक विद्याशाखा, एक सत्र, जुनी पद्धत समांतर चालू ठेवून. सगळ्या विद्याशाखा एकदम नाहीत.

प्रयोगशाळेला कंपनीचं नाव द्यायचं असेल तर मुदतीसह द्या. करार संपला की पाटी उतरेल, हे आजच लिहा. विद्यापीठाचं नाव आणि बोधचिन्ह कंपनीच्या जाहिरातीत प्रत्येक वेळी लेखी परवानगीनेच. 'अधिकृत तंत्रज्ञान भागीदार' ही पदवी मोफत देऊ नका, आणि अनन्य हक्क तर मुळीच नको.

गॅझेटवाचक

सगळ्यांचे आभार. एक व्यावहारिक शंका राहते. नाव बदलण्याआधी उत्तीर्ण झालेल्याने दुय्यम प्रत मागितली तर नाव कोणतं?

गुणपत्रक

मजकुरात पदवी बहाल झाली तेव्हाचं नाव, शिक्का आणि सही आजच्या नावाची, आणि खाली एक ओळ : 'या विद्यापीठाचे नाव दि. अमुकच्या राजपत्रान्वये बदलले आहे', पुढे दोन्ही पूर्ण नावं. शिवाय कुलसचिवांच्या सहीचं एक कायमस्वरूपी द्विभाषिक पत्र संकेतस्थळावर ठेवा, राजपत्राच्या प्रतीसह. परदेशी मूल्यांकन संस्था तेच मागतात. प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळा अर्ज करायला लावून शुल्क घेणं योग्य नाही. नाव त्याने बदललेलं नाही.

निळाई

त्या पत्रात नाव आठवणीवरून टाइप करू नका, राजपत्रातल्या नावाशी ताडून मगच घ्या. 'डॉ.'नंतरचा टिंब आणि मोकळी जागा, 'आंबेडकर'मधला 'आ', 'कवयित्री'मधला 'यि'. 'कवियत्री' हे चुकीचं रूप पाट्यांवर आणि पत्रांवर सर्रास दिसतं. दोन माणसांनी, एकाने मोठ्याने वाचून आणि दुसऱ्याने राजपत्रावर बोट ठेवून, एकदा तपासा.